सोंवळ्याचें सोंग

विद्येचें माहेरघर म्हणून अमेरिकेकडे पाहण्याची संवय आपल्या सुशिक्षित वर्गास आतां चांगलीच जडली आहे. मुलास किंवा मुलीस मिशिगन, टेक्सस, दक्षिण कॅलिफोर्निया अशा विद्यापीठांत धाडतां यावें म्हणून पुण्यामुंबईचीं कुटुंबें कर्ज काढतात, प्रसंगीं राहतें घर तारण ठेवतात. अशा एखाद्या विद्यापीठाचें पहिलें दर्शन घडतें तेव्हां पालकांस एका गोष्टीचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. ग्रंथालय मोठें असतेंच, प्रयोगशाळाहि असतात. परंतु त्या सर्वांना खुजें करून सोडणारी एक वास्तु तेथें उभी असते, आणि ती म्हणजे फुटबॉलचें क्रीडांगण. मिशिगन विद्यापीठाच्या क्रीडांगणांत १,०७,६०१ प्रेक्षकांची सोय आहे. सरस्वतीच्या मंदिराच्या आवारांत दर शनिवारीं भरणारी ही लक्ष्मीची जत्रा पाहिली म्हणजे मनांत साहजिकच प्रश्न येतो कीं, हिचा नैवेद्य कोण खातो?

हा फुटबॉल आपल्या परिचयाचा नव्हे. चेंडू अंडाकृति, पायापेक्षां हातानेंच अधिक खेळला जाणारा. आणि खेळाडू डोक्यास शिरस्त्राण व खांद्यास गाद्या बांधून एकमेकांवर धडका घेणारे. सतरा-अठरा वर्षांचीं धिप्पाड मुलें शाळेंतून निवडून आणणें हा तेथील विद्यापीठांचा मोठा उद्योग आहे. आणि ह्या निवडीभोंवतीं शंभर वर्षांहून अधिक काळ एक संशय घोटाळत आला आहे. अमुक मुलानें अमुकच विद्यापीठ कां पत्करलें? त्याच्या बापास कोणी कांहीं दिलें काय? त्याच्या आईचें घरभाडें कोण भरतें? नवी मोटार कोठून आली? ह्या प्रश्नांवर वर्तमानपत्रांचे रकाने भरले, चौकशा झाल्या, मुलें खेळांतून काढलीं गेलीं, मिळविलेले विजय दप्तरांतून पुसले गेले. ह्या सर्वांस ‘अनुचित पैसा’ असें एक नांव देण्यांत आलें.

आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्या प्रकरणांत खरोखर अनुचित असें जें कांहीं होतें तें मुलाच्या हातीं पडलेला पैसा नव्हे. ज्या नियमामुळें कष्टाचा मोबदला हा गुन्हा ठरला, तो नियम अनुचित होता. आणि तो नियम नीतीच्या रक्षणासाठीं नव्हता. देणाराचा हात स्वच्छ दिसावा आणि घेणाराचा तेवढा काळा व्हावा, अशी ती योजना होती.

प्रथम ह्या सोंवळ्याचा उगम पाहूं. खेळ हा निव्वळ हौसेचा असावा, त्याला पैशाचा विटाळ होऊं नये, ही कल्पना अमेरिकेनें इंग्लंडांतून उचलली. तेथें ती कशी रुजली हें पाहण्यासारखें आहे. हेन्लेच्या प्रसिद्ध नौकाशर्यतींसाठीं सन १८७९ मध्यें जो नियम झाला त्याप्रमाणें, मजुरीनें काम करणारा कारागीर किंवा कामगार हा ‘हौशी’ या पदवीसच अपात्र होता; मग त्यानें वल्हें मारण्यासाठीं एक पैहि घेतलेली नसो. अर्थात् हें सोंवळें पैशाचें नव्हतें, जातीचें होतें. ज्यास पोटासाठीं राबावें लागतें त्यानें साहेबाच्या पंक्तीस बसूं नये, एवढाच त्याचा अर्थ. सोंवळ्याओंवळ्याचें शास्त्र ज्या समाजानें पिढ्यान् पिढ्या अनुभवलें, त्यास ही भाषा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आणि अमेरिकेंत तर हें सोंवळें पहिल्या दिवसापासूनच विटाळलेलें होतें. तेथील दोन महाविद्यालयांमधील पहिला सामना म्हणजे सन १८५२ मधील हार्वर्ड आणि येल यांची नौकाशर्यत. तो खर्च कोणी केला? एका आगगाडीच्या कंपनीनें. कारण तळ्याकांठच्या त्या गांवीं उतारू यावेत अशी तिची इच्छा होती. येलच्या सन १९०४ च्या फुटबॉल संघाचा कप्तान जेम्स होगन हा फुकट जेवत होता, उत्तम दालनांत राहत होता, हंगाम संपल्यावर क्यूबा बेटाची सहल करून आला आणि न्यू हेवन शहरांत खपणाऱ्या सिगारेटांवर दलालीहि घेत होता. हा सर्व वृत्तान्त सन १९०५ मध्यें छापून आला. पण येलचें सोंवळें कांहीं मोडलें नाहीं.

मोडलें तें कोणाचें? जिम थॉर्प ह्या आदिवासी अमेरिकन खेळाडूचें. कार्लाइल येथील आदिवासींच्या शाळेंतला हा फुटबॉलपटु सन १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें दोन सुवर्णपदकें जिंकून आला. पुढच्याच वर्षीं तीं काढून घेण्यांत आलीं. कारण सन १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यांत तो क्षुल्लक पगारावर बेसबॉल खेळला होता. इतर विद्यार्थीहि असेंच खेळत; पण ते शहाणे असल्यामुळें खोटें नांव घेत, आणि हा भोळा स्वतःच्या नांवानें खेळला. थॉर्प सन १९५३ मध्यें वारला. त्याचा हक्क सन १९८२ मध्यें अर्धवट मान्य झाला, आणि दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचें नांव पुन्हा लागण्यास सन २०२२ उजाडावें लागलें. खरें बोलणाऱ्यास शिक्षा आणि खोटें नांव घेणाऱ्यास अभय, हा धडा त्याच वेळीं अमेरिकेच्या क्रीडाक्षेत्रानें गिरविला; आणि मोठ्या निष्ठेनें शंभर वर्षें पाठ म्हटला.

खेळांतील मृत्यूंमुळें सन १९०५ मध्यें अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं विद्यापीठांचीं कानउघाडणी केली आणि त्यांतून एक राष्ट्रीय संघटना जन्मास आली. सन १९१० पासून तिचें नांव नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन असें आहे. हौशी खेळाचें सोंवळें राखण्याचें काम हिनें पत्करलें. तें कसें राखलें गेलें ह्याचा पुरावा सन १९२९ मध्येंच कार्नेगी प्रतिष्ठानच्या अहवालानें दिला. १३० संस्थांस भेटी देऊन झालेल्या ह्या चौकशींत, ज्या ११२ संस्थांची छाननी झाली त्यांपैकीं ८१ ठिकाणीं खेळाडूंना कोणत्या ना कोणत्या वाटेनें पैसा पोंचत असल्याचें आढळलें. ज्या नियमाचा भंग दहांतील सात घरांत होतो, तो नियम नसून देखावा असतो. तरी संघटनेनें सन १९४८ मध्यें आणखी कडक संहिता केली. सन १९५० मध्यें ती उघड मोडणाऱ्या सात महाविद्यालयांस बाहेर काढण्याचा ठराव आला, आणि दोन-तृतीयांश मतें न मिळाल्यामुळें बारगळला. सन १९५१ मध्यें संहिताच रद्द झाली. न्यायासनावर बसलेल्यांना आरोपींच्या पिंजऱ्यांत आपलेच चेहरे दिसूं लागले, एवढाच ह्याचा अर्थ.

आतां ह्या कथेंतील सर्वांत निष्ठुर प्रकरणाकडे वळूं. फुटबॉल हा हाडें मोडणारा खेळ आहे. जो कामावर जखमी होतो त्यास नुकसानभरपाई देण्याचा कायदा अमेरिकेंत जुना आहे. सन १९५३ मध्यें कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें एका जखमी विद्यार्थी-फुटबॉलपटूस विद्यापीठाचा नोकर मानून भरपाई देवविली. विद्यापीठें हादरलीं. संघटनेचे त्या वेळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीं एक नवा शब्द पुढें केला: ‘विद्यार्थी-क्रीडापटु’. हा शब्द प्रत्येक नियमांत, प्रत्येक पत्रकांत घालण्याचा आग्रह धरण्यांत आला, कीं जेणेंकरून कोणा न्यायाधीशास ‘नोकर’ हा शब्द सुचूंच नये. सन १९५५ मध्यें कोलोरॅडोंतीलच एका लहान महाविद्यालयाचा खेळाडू डोक्यास मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेनें भरपाई मागितली. सन १९५७ मध्यें तेंच न्यायालय म्हणालें कीं, महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाहीं, सबब भरपाई नाहीं. टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा एक खेळाडू सन १९७४ मध्यें सामन्यांत मानेस दुखापत होऊन कायमचा पंगु झाला. त्याची मागणीहि सन २००० मध्यें फेटाळली गेली. आणि गंमत अशी कीं, ज्यांनीं हा शब्द रूढ केला त्या बायर्स यांनींच सन १९९५ मध्यें पुस्तक लिहून त्याचा हेतु जगास सांगितला आणि ही सारी व्यवस्था खेळाडूंची पिळवणूक करणारी आहे असा निर्वाळा दिला. पण तोंवर ते निवृत्त झाले होते. पिळवणुकीचा साक्षात्कार निवृत्तीनंतरच व्हावा, हा अधिकाऱ्यांच्या नशिबाचा विलक्षण योग म्हटला पाहिजे.

अशा ह्या व्यवस्थेंत ‘अनुचित पैशा’चीं प्रकरणें घडत गेलीं. त्यांतील दोनतीन पाहिलीं तरी शिक्षा कोणाच्या वांट्यास आली हें कळून येईल. टेक्ससमधील डॅलस शहराचें सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ हें पहिलें उदाहरण. तेथील १३ खेळाडूंस एका श्रीमंत अभिमान्याच्या पैशांतून सुमारें ६१,००० डॉलर वांटण्यांत आले होते, आणि क्रीडाविभागांतील मंडळींस तें ठाऊक होतें. सन १९८७ मध्यें संघटनेनें ह्या विद्यापीठाचा त्या वर्षाचा सबंध हंगाम रद्द केला. पुढील वर्षाचा विद्यापीठानें स्वतःच सोडला. अमेरिकन वर्तमानपत्रांनीं ह्या शिक्षेस देहान्त शिक्षा म्हटलें. नंतर बाहेर आलें कीं, पैसे देणें एकदम बंद न करतां हळूहळू आंखडत न्यावें असा निर्णय वरच्या मंडळींनींच घेतला होता, आणि त्यांत विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तेव्हांचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स हे होते. ही कबुली त्यांनीं मार्च १९८७ मध्यें दिली तेव्हां ते टेक्सस राज्याचे गव्हर्नर होते. त्यांचें पुढें काय झालें? त्यांनीं आपली मुदत सन १९९१ पर्यंत सुखानें पुरी केली. मुलांचा संघ मोडला, तीं देशोधडीस लागल्यासारखीं इतर विद्यापीठांचीं दारें शोधूं लागलीं. चोर सोडून संन्याशास सुळीं, ही म्हण आम्हांस वाटलें होतें आपलीच आहे.

दुसरें उदाहरण मेम्फिस शहरांतील. सन २००० मध्यें तेथील एका शाळेचा एक बलदंड खेळाडू अॅलाबामा विद्यापीठांत गेला. पुढें न्यायालयांत सिद्ध झालें तें असें कीं, त्या विद्यापीठाच्या एका धनाढ्य भक्तानें त्यासाठीं १,५०,००० डॉलर मोजले होते. मात्र ते मोजले मुलाच्या शाळेंतील प्रशिक्षकास. प्रशिक्षकानें गुन्हा कबूल केला. भक्त सन २००५ मध्यें दोषी ठरला. विद्यापीठावर सन २००२ मध्येंच कडक निर्बंध आले होते. येथें मुलगा हा पक्षकारच नव्हता, तो माल होता. बाजारांत बैलाची किंमत बैलास विचारून ठरत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. आणि हें घडण्याचें कारण उघड आहे. ज्या मालाचा उघड बाजार भरत नाहीं, त्याचा चोरबाजार भरतो. आणि चोरबाजारांत नफा नेहमीं दलालाचा होतो, मालकाचा कधींच नाहीं.

तिसरें वर्ष सन २०१० चें. त्या वर्षीं ऑबर्न विद्यापीठाचा सूत्रधार खेळाडू कॅम न्यूटन ह्याच्यावर संशयाचे ढग जमले; दुसऱ्या एका विद्यापीठाकडे त्याच्या वडिलांनीं मुलाच्या प्रवेशासाठीं पैसा मागितला होता असें संघटनेस आढळलें. मुलास आणि ऑबर्नला ह्याची माहिती असल्याचा पुरावा नाहीं म्हणून त्यास एक दिवस अपात्र ठरवून दुसऱ्या दिवशीं पात्र केलें गेलें, आणि ऑबर्ननें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. हा निर्णय चूक होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्याच हंगामांत जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीन ह्यानें स्वतःचा सदरा १,००० डॉलरांस विकला म्हणून त्यास चार सामने बाहेर बसविलें. आणि त्याचाच क्रमांक असलेले सदरे विद्यापीठाच्या दुकानांत खुशाल विकले जात होते. त्याच वर्षीं दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठास, रेगी बुश ह्यानें पांच वर्षांपूर्वीं घेतलेल्या लाभांबद्दल, ३० शिष्यवृत्त्यांची कपात सोसावी लागली. प्रशिक्षक तोंवर धंदेवाईक संघाकडे निघून गेले होते. ज्या मुलांच्या शिष्यवृत्त्या गेल्या, तीं सन २००५ मध्यें शाळेंत शिकत होतीं. बुशनें परत केलेलें मानचिन्ह सन २०२४ मध्यें त्यास सन्मानानें देण्यांत आलें. म्हणजे जें पाप म्हणून चौदा वर्षें जाहीर होतें, तें एका सकाळीं पाप राहिलें नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकूं. तें अगदींच टाकाऊ नाहीं. पहिलें म्हणणें असें कीं, खेळाडूस शिक्षण फुकट मिळतें, तेंच त्याचें वेतन. शिक्षणाची किंमत आम्हांस कमी वाटत नाहीं. परंतु तें वेतन म्हणून दिलें जात असेल तर तें खरें नाणें तरी असावें. सन १९७३ पासून पुष्कळ वर्षें ही शिष्यवृत्ति एकेका वर्षाचीच असे. पुढील वर्षीं ती चालू ठेवणें प्रशिक्षकाच्या मर्जीवर होतें. आठवड्यास २० तासांहून अधिक सराव नको असा नियम सन १९९१ पासून आहे, पण संघटनेच्याच पाहणींत मोठ्या संघांचे खेळाडू ह्याच्या दुप्पट वेळ सांगतात. आणि शिक्षण म्हणजे काय हें नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानें दाखवून दिलें. सन १९९३ पासून सन २०११ पर्यंत तेथें असे वर्ग चालले कीं ज्यांत शिकविणें नव्हतें, हजेरी नव्हती, नुसता एक निबंध द्यावयाचा. ३,१०० विद्यार्थ्यांनीं त्याचा लाभ घेतला आणि त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू होते. सन २०१७ मध्यें संघटनेनें निकाल दिला कीं, हे वर्ग सर्वांस खुले असल्यामुळें नियमभंग होत नाहीं! सदरा विकला तर चार सामने; विद्याच विकली तर कांहीं नाहीं.

दुसरें म्हणणें असें कीं, पैसा आला म्हणजे खेळाचें पावित्र्य जाईल. पैसा यावयाचा राहिला होता कोठें? अॅलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन हे सन २०२३ मध्यें वर्षाला एक कोटी दहा लाखांहून अधिक डॉलर घेत होते. त्याच वर्षीं टेक्सस ए. अँड एम्. विद्यापीठानें आपल्या प्रशिक्षकास नुसतें घरीं बसविण्यासाठीं सुमारें साडेसात कोटी डॉलर देण्याचें पत्करलें. अखेरच्या सामन्यांच्या दूरचित्रवाणी-हक्कांचा सहा वर्षांचा करार सन २०२४ मध्यें ७८० कोटी डॉलरांस झाला. प्रशिक्षक पवित्र, अधिकारी पवित्र, दूरचित्रवाणी पवित्र. विटाळ होतो तो फक्त खेळणाऱ्याच्या हातीं पैसा पडला म्हणजे! कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं पैलवानांस उघड आश्रय दिला, खुराक दिला, इनामें दिलीं. त्यामुळें कुस्ती बाटली असें कोणी म्हटल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं.

तिसरें म्हणणें अधिक विचार करण्यासारखें आहे. फुटबॉलच्या उत्पन्नावर पोहणें, धांवणें, स्त्रियांचे खेळ चालतात. तें उत्पन्न खेळाडूंस दिलें तर हे खेळ बुडतील. ही भीति खोटी नाहीं. पण एका गरिबाच्या मजुरीवर दुसऱ्याचें पुण्य चालविण्याची ही रीत न्यायाची म्हणतां येईल काय? ह्या फुटबॉलपटूंत काळ्या वर्णाच्या, साध्या घरांतून आलेल्या मुलांचा भरणा मोठा आहे, आणि प्रशिक्षक व अधिकारी बहुतेक गोरे आहेत, हेंहि विसरून चालणार नाहीं. शिवाय त्या मुलास दुसरीकडे जाण्याची वाटहि मोकळी नाहीं. शाळा सुटून तीन वर्षें होईपर्यंत धंदेवाईक फुटबॉल-संघ त्यास घेतच नाहींत. पोहण्याच्या तलावासाठीं पैसा हवा असेल तर तो प्रथम साडेसात कोटींच्या निरोपांतून काढावा.

असें हें सोंवळें अखेर न्यायालयांनीं फेडलें. जून १९२१ नव्हे, चांगला शंभर वर्षांनंतरचा जून २०२१ उजाडला, तेव्हां अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें अॅल्स्टन खटल्यांत नऊही न्यायाधीशांच्या एकमतानें ठरविलें कीं, मक्तेदारीविरुद्धचा कायदा ह्या संघटनेसहि लागू आहे. त्याच वर्षीं १ जुलैपासून खेळाडूंस स्वतःचें नांव व चेहरा जाहिरातीसाठीं वापरून पैसा मिळविण्याची मोकळीक मिळाली. आणि मग जें दिसलें तें पाहून हंसावें कीं रडावें हें कळेना. टेनेसी विद्यापीठास, पूर्वीच्या प्रशिक्षकाच्या काळांत भरतीच्या मुलांस व त्यांच्या घरच्यांस सुमारें ६०,००० डॉलरांचे चोरटे लाभ दिल्याबद्दल, जुलै २०२३ मध्यें ऐंशी लाख डॉलरांहून अधिक दंड झाला. त्याच विद्यापीठाच्या अभिमान्यांनीं स्थापलेल्या एका मंडळानें एकट्या सूत्रधार खेळाडूशीं केलेला करार ऐंशी लाख डॉलरांपर्यंतचा असल्याचें वर्तमानपत्रांनीं प्रसिद्ध केलें. संघटनेनें ह्याची चौकशी आरंभतांच राज्याच्या महाधिवक्त्यानें तिच्यावरच दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें न्यायालयानें संघटनेचा हात धरला. साठ हजार चोरून दिले तर अधर्म, ऐंशी लाख कागदावर लिहून दिले तर व्यवहार! फरक नीतीचा नाहीं, वकिलाचा आहे.

ह्या नव्या बाजाराचे गोडवे गावे असें मात्र आम्हांस मुळींच वाटत नाहीं. सन २०२२ च्या अखेरीस कॅलिफोर्नियांतील एका शाळकरी खेळाडूस फ्लॉरिडा विद्यापीठाच्या अभिमान्यांकडून १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरांचा करार देऊं केला गेला. तो लवकरच फिसकटला, मुलगा दुसऱ्या विद्यापीठांत गेला, आणि सन २०२४ मध्यें प्रशिक्षकासह इतरांवर त्यानें फसवणुकीचा दावा लावला. दाव्यांतील खरेंखोटें न्यायालय पाहील. पण एक गोष्ट आतांच दिसते. विद्यापीठ स्वतः मालक म्हणून पुढें येत नाहीं; तें अभिमान्यांच्या मंडळाआड उभें राहतें. पूर्वीं पैसा देणारा अंधारांत होता, आतां तो पडद्यामागें आहे. मुलाच्या हातीं खरा, जबाबदार मालक सांपडत नाहीं, हें दोन्ही काळांत सारखेंच.

जून २०२५ मध्यें ‘हाउस’ खटल्यांतील तडजोड मंजूर झाली. पूर्वीच्या खेळाडूंस दहा वर्षांत सुमारें २८० कोटी डॉलर द्यावयाचे, आणि प्रत्येक विद्यापीठानें पहिल्या वर्षीं २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत रक्कम आपल्या खेळाडूंस थेट वांटावयाची, असें ठरलें. हें पाऊल मोठें आहे, आणि तें पडावयास मुलांनींच न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं. पण त्याच तडजोडींत जुन्या सोंवळ्याचा एक धागा शाबूत राहिला आहे. बाहेरून मिळणारा ६०० डॉलरांवरील प्रत्येक करार तपासणीस पाठवावा, आणि त्यांत धंद्याचा खरा हेतु आहे कीं नुसती भरतीची लांच आहे हें पारखावें, अशी योजना झाली. म्हणजे संशयाचें खातें पुन्हा उघडलें. आणि पुन्हा झडती होणार ती मुलाच्या खिशाची. प्रशिक्षकाच्या कोट्यवधींचा ‘खरा हेतु’ कोण पारखतो?

ह्यावर उपाय अवघड नाहीं. तो फक्त विद्यापीठांस गैरसोईचा आहे. जो धंदा आहे त्यास धंदा म्हणावें. जो राबतो त्यास नोकर म्हणावें, त्याच्याशीं लेखी करार करावा, त्यास संघटित होऊन मालकाशीं बोलण्याचा हक्क द्यावा, आणि मान मोडली तर भरपाई द्यावी. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनीं सन २०१४ मध्यें हेंच मागितलें. विभागीय अधिकाऱ्यानें त्यांस नोकर ठरविलें, पण सन २०१५ मध्यें वरच्या मंडळानें प्रश्नांत हात घालण्याचें नाकारलें. जुलै २०२४ मध्यें मात्र एका वरिष्ठ न्यायालयानें म्हटलें कीं, ‘हौशी’ एवढ्या शब्दानें नोकराचा हक्क बुडत नाहीं. हें ज्या विद्यापीठांस पत्करत नसेल त्यांनीं खरोखरचें सोंवळें नेसावें: तिकिटें विकूं नयेत, दूरचित्रवाणीचा पैसा घेऊं नये, आणि प्रशिक्षकास संस्कृतच्या प्राध्यापकाइतकें वेतन द्यावें. मग त्यांच्या मुलांनीं हौसेनें खेळावें. आम्ही सर्वांआधीं टाळ्या वाजवूं. दोन्ही मार्ग सरळ आहेत. वांकडा एकच, जो शंभर वर्षें चालला तो.

गुप्तपणें पैसे वांटणारे धनिक साधु होते असें आम्हीं कोठेंहि म्हटलेलें नाहीं. त्यांना मुलांची कणव नव्हती, विजयाची हांव होती. तरी सुद्धां ज्या आईचें भाडें त्या पैशांतून भरलें गेलें तिच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार, तिच्या मुलाच्या धडकेवर ज्यांनीं क्रीडांगणें उभारलीं त्यांना पोंचत नाहीं. आपल्याकडील पालक आपल्या मुलांस ज्या विद्यापीठांच्या स्वाधीन करतात, तीं ज्ञानाच्या बाबतींत थोर आहेत हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण एखाद्या संस्थेची थोरवी तिच्या ग्रंथालयावरून जितकी कळते, तितकीच तिच्या आवारांत घाम गाळणाऱ्या सर्वांत तरुण कामकऱ्याशीं ती कशी वागते ह्यावरूनहि कळते. त्या दुसऱ्या परीक्षेंत हीं विद्यापीठें अद्यापि उत्तीर्ण झालेलीं नाहींत.